घर्षण नगण्य मानू

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातले कोणतेही उदाहरण एकाच विनंतीने सुरू होते: घर्षण नगण्य मानू. मग हवेचा विरोध नगण्य मानला जातो, दोरीला वजन नसते, कप्पी गुळगुळीत असते, आणि जी वस्तू हलायची आहे ती वस्तू नसून एक बिंदू असते. एवढे सगळे मानून घेतल्यावर गणित सुटते. जे जे नगण्य म्हणून बाजूला काढले ते पुढे कुठे जाते, याचा खुलासा मात्र पुस्तकात कुठेच सापडत नाही. ते एसटीत जाऊन बसते.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'ला तेव्हा २६१ वर्षे होत आली होती. गतीचे नियम त्याआधीही होतेच, पण गती, बल, ध्वनी आणि प्रकाश हे चारही धडे एका तिकिटात घेण्याची सोय महाराष्ट्रात त्या दिवसापासून झाली. या धड्यांचा क्रमाने विचार करायचा तर साधी गाडी सर्वांत सोयीची. निमआराम गाडीतही नियम हेच असतात, पण ते एवढे मोठ्याने बोलत नाहीत.

एसटीच्या प्रवासात पहिली गती गाडीची नसते, रुमालाची असते. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत जातो आणि बाकावर पडून जागा धरतो. हिला प्रक्षेप्य गती म्हणतात. पुस्तकाप्रमाणे फेकलेली वस्तू अन्वस्ताच्या आकाराने जाते आणि ४५ अंशांच्या कोनात फेकल्यास सर्वांत लांब पडते. ४५ अंशांत फेकलेला रुमाल फेकणाऱ्याच्याच टाळूवर पडतो. वजन नाममात्र, पसारा मोठा, त्यामुळे हवेचा विरोध हेच त्याच्यावरचे मुख्य बल ठरते. मुरलेले प्रवासी म्हणूनच रुमालाला गाठ मारतात, म्हणजे वजन तेवढेच राहून पसारा कमी होतो. काही जण टोपी वापरतात, काही पिशवी, आणि निकड फारच असेल तर घरातले सर्वांत धाकटे मूल खिडकीतून आत सोडले जाते. मुलाच्या बाबतीत हवेचा विरोध खरोखरच नगण्य असतो. विरोध मूल स्वतः करते.

हवा नसती तर रुमालाचे काय झाले असते, हे प्रयोगाने पाहिलेले आहे. १९७१ साली अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही एकदमच खाली पोचले. जागा धरायला याहून चांगली परिस्थिती नाही, पण तिथे गाडीच नव्हती.

जागा मिळाल्यावर सापेक्ष गतीचा धडा लागतो. शेजारच्या फलाटावरची गाडी मागे निघते आणि बसलेल्या माणसाला आपलीच गाडी पुढे निघाल्याचा भास होतो. पोटात किंचित हलतेसुद्धा. कंडक्टर अजून उपाहारगृहात चहा पीत असल्याचे दिसते तेव्हा भ्रम फिटतो. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, हा दाखला आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास दिला होता आणि त्यावरून तारे फिरत नसून पृथ्वी फिरते असे सुचवले होते. गती ठरवायला कोणतीतरी अचल वस्तू आधाराला घ्यावी लागते. बसस्थानकावर यासाठी चौकशीच्या खिडकीकडे पाहावे.

गॅलिलिओने १६३२ साली हीच गोष्ट जहाजाच्या बंद खोलीत नेली. खोलीत फुलपाखरे आणि माश्या सोडाव्यात, पाण्याचा थेंब थेंब गळू द्यावा. जहाज उभे असो वा सरळ रेषेत एकसारख्या वेगाने चाललेले असो, आत बसलेल्याला त्यावरून फरक ओळखता येणार नाही. एसटीत या प्रयोगाची सगळी सामग्री आयतीच असते. माशी पुढच्या काचेवरून निघून मागच्या बाकापर्यंत निवांत जाते, तिला गाडीचा वेग गाठावा लागत नाही, कारण ती ज्या हवेत उडते ती हवाही गाडीबरोबर चाललेली असते. वर उडवलेला शेंगदाणा परत तोंडातच पडतो. अट एकच, वेग एकसारखा हवा आणि दिशा सरळ. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ही अट एका शेंगदाण्यापुरती पाळली जाते. दुसरा शेजाऱ्याच्या कॉलरमध्ये सापडतो.

खिडकीबाहेर जवळची बाभळ सपकन मागे जाते, लांबची टेकडी रेंगाळते आणि चंद्र गाडीसोबतच चालतो. 'चंद्र आपल्याबरोबर का येतो?' हे प्रत्येक मूल विचारते आणि प्रत्येक आई 'त्यालाही आजोळी जायचंय' असे काहीतरी सांगते. खरे उत्तर अंतरात आहे. गाडी एक किलोमीटर पुढे गेली तरी ३,८४,००० किलोमीटरवरच्या चंद्राकडे पाहण्याच्या दिशेत डोळ्याला कळेल एवढा फरक पडत नाही. आईचे उत्तर चुकीचे असले तरी लहान आहे, आणि त्यावर पुढचा प्रश्न येत नाही.

कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. 'डबल बेल' झाली की गाडी हिसका देऊन निघते आणि उभा असलेला प्रवासी मागच्याच्या अंगावर जातो. तो मागे फेकला गेला असे म्हणण्याची पद्धत आहे, पण त्याला कोणीच फेकलेले नसते. तो होता तिथेच राहू पाहत असतो. पाय जमिनीला टेकलेले म्हणून गाडीबरोबर जातात. धडाला गाडी निघाल्याची बातमी उशिरा लागते. यालाच जडत्व म्हणतात. ब्रेक लागल्यावर याच्या उलट होते. पाय थांबतात, धड मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढच्या गावाला निघालेले असते. धावत्या गाडीतून उतरणारा माणूस तोंडावर का आपटतो, याचेही उत्तर हेच. उतरून गाडीच्याच दिशेने चार पावले पळणारा वाचतो. गाडीकडे पाठ करून ऐटीत उतरणाऱ्याला न्यूटनचा पहिला नियम जन्मभर लक्षात राहतो.

या सगळ्यात प्रवाशाच्या मदतीला धावते ते घर्षणच. पुस्तकाने नगण्य मानलेले. टायर आणि डांबर यांच्यात घर्षण नसेल तर इंजिन कितीही गुरगुरले तरी चाक जागच्या जागी फिरेल. चिखलात रुतलेली गाडी हेच दाखवत असते. घर्षण नसेल तर सुरू झालेली गाडी थांबणारही नाही, आणि कंडक्टरच्या हातातले सुटे पैसे प्रवाशाच्या तळहातावर टिकणार नाहीत. (ते एरवीही तिथे क्वचितच पोचतात.) फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ यांनी १६९९ साली दाखवले की घर्षण हे पृष्ठभाग किती मोठा टेकला आहे यावर नव्हे, तर किती जोराने दाबला आहे यावर अवलंबून असते. वरच्या दांड्याला नुसते बोट टेकवून उभ्या असलेल्या तरुणाला हा नियम पहिल्या गतिरोधकावर कळतो. त्यानंतर तो दांडा मुठीत धरतो.

वेगाचा हिशेब मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणून ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतरही चौपट होते. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला जी गाडी १२ मीटरमध्ये थांबते, तिला ताशी ८० च्या वेगाला ४८ मीटर लागतात. ड्रायव्हरचे लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. 'जरा दामटा की' असे मागून ओरडणाऱ्या प्रवाशाला वर्ग करता येत नसावा.

घाट लागला की वर्तुळाकार गती सुरू होते. मराठीत लागण्याला अंत नाही. फलाटाला गाडी लागते, गाडीला घाट लागतो, घाटात एकाचा डोळा लागतो आणि दुसऱ्याला गाडी लागते. वळणावर गाडीला आत खेचणारे बल लागते. ते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळते. गाडी वळते, पण आतला माणूस सरळच जाऊ पाहतो आणि त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकतो. आपल्याला बाहेर ढकलणारे बल आहे असे त्याला वाटते. पदार्थविज्ञान सांगते की असे बल अस्तित्वातच नाही, ते आभासी आहे. तिघांच्या बाकावर खिडकीपाशी बसलेल्या माणसाला हे पटवणे कठीण जाते, कारण त्याच्या बरगड्या आभासी नसतात.

आकडे घालून पाहू. वळणाची त्रिज्या १५ मीटर, वेग ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे त्वरण १.६७, गुरुत्व त्वरणाचा साधारण सहावा हिस्सा. शेजारी ९० किलोचा असेल तर त्याचा आडवा रेटा १५ किलो वजनाइतका, म्हणजे तेलाच्या एका डब्याएवढा होतो. त्याच्या पलीकडचाही तेवढाच भरला तर दोन डबे. येथे रेक्झीन गुळगुळीत मानले आहे, आणि पुस्तकातले मानणे प्रत्यक्षाशी जुळते असे हे एकच उदाहरण असावे. वळण उलट्या दिशेला आले की तेच दोन डबे पॅसेजच्या बाजूला जातात आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यावर थांबतात.

गाडी लागणे हेही पदार्थविज्ञानच, फक्त ते कानात घडते. आतल्या कानातल्या नलिकांमधला द्रव वळणे मोजतो आणि मेंदूला कळवतो की आपण हलत आहोत. डोळे समोरच्या बाकाच्या पाठीवर खिळलेले असतील तर ते कळवतात की सगळे स्थिर आहे. दोन्ही अहवाल एकदम आले की मेंदू पोटाला कामाला लावतो. सेकंदाला सुमारे ०.२ आवर्तने, म्हणजे पाच सेकंदांत एक, इतके संथ हेलकावे माणसाला सर्वांत जास्त बाधतात. घाटातली गाडी आणि समुद्रातली होडी या गतीला फार जवळच्या. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण त्याच्या डोळ्यांना कानाच्या आधी ठाऊक असते. म्हणून गाडी लागणाऱ्याने पुढे बसून दूरवर पाहावे. आवळासुपारीचा उपयोग किती होतो हे सांगणे कठीण, पण तिच्यामुळे तोंड बंद राहते आणि तेवढा वेळ शेजारी निर्धास्त असतो.

आता मागचा बाक. या बाकावर स्वखुशीने कोणी बसत नाही. तरफेच्या नियमामुळे बसतही नाही, उडत असतो. पुढचे चाक टेकू मानले, दोन चाकांत ५ मीटर अंतर धरले आणि बाक मागच्या चाकाच्या ३ मीटर मागे असला, तर मागचे चाक १० सेंटिमीटर उचलले गेले की बाक १६ सेंटिमीटर वर जातो. हे झाले चढण्याचे. खरी गंमत उतरण्यात आहे. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंगांच्या ओढीने बाक गुरुत्व त्वरणापेक्षा जास्त त्वरणाने खाली जाऊ शकतो. माणसाला खाली ओढायला मात्र फक्त गुरुत्वाकर्षणच असते, आणि ते सेकंदाला सेकंदाला ९.८ मीटरहून जास्त देत नाही. त्यामुळे बाक आधी पोचतो, माणूस मागाहून. मधला १६ सेंटिमीटरचा प्रवास साधारण ०.१८ सेकंदाचा. तेवढा वेळ प्रवासी वजनरहित असतो, अगदी अंतराळवीराच्या अर्थाने, कारण कक्षेतला अंतराळवीरही पडतच असतो. अंतराळवीराचा बाक त्याच्याबरोबरच पडतो, म्हणून त्याला उतरण्याचा त्रास नाही.

गर्दीच्या गाडीत उभा असलेला प्रवासी कितीही ब्रेक लागले तरी पडत नाही. त्याचे कारण पडण्याला लागणारी जागा नसते. 'पुढे सरका, पुढे मोकळं आहे' या कंडक्टरच्या वाक्यावर प्रवाशांचा विश्वास नसतो, पण गणिताचा आहे. केप्लरने १६११ मध्ये असा तर्क मांडला होता की सारख्या आकाराचे गोळे कसेही रचले तरी जागेचा फार तर ७४ टक्क्यांहून थोडा अधिक भाग व्यापतात. याची सिद्धता व्हायला १९९८ साल उजाडले. ती टॉमस हेल्स यांनी दिली. निवडून रचले तर ७४. नुसते ओतून हलवले तर ६४ च्या आसपास. न हलवता ओतले तर त्याहून कमी. तांदळाचा डबा काठोकाठ भरला असे वाटले तरी दोनदा आपटला की आणखी एक वाटी मावते, हे ज्या घरात किराणा भरला जातो तिथे सर्वांना ठाऊक असते. गाडी स्थानकातून भरून निघते, दोन खड्ड्यांतून जाते, आणि पुढच्या थांब्यावर आणखी सहा जण मावतात. रस्ता आणि कंडक्टर यांच्यातले हे सहकार्य कोणत्याही करारात नाही. चिवड्याच्या डब्यात मीठमसाला जसा तळाशी जातो, तसे हलणाऱ्या गर्दीत लहान वस्तू खाली जातात: सुटी नाणी, एका पायातली चप्पल, आणि मघाशी खिडकीतून आत आलेले ते मूल.

बसलेल्यांमध्ये समतोलाचा धडा शेजाऱ्याच्या डोक्यावरून घ्यावा. माणसाचे डोके साडेचार ते पाच किलोचे, मानेच्या बारीक आधारावर उभे. हा उलटा लंबक होय. उलटा लंबक अस्थिर समतोलात असतो, आणि त्याला सरळ ठेवायला जागेपणीचे स्नायू लागतात. डोळा लागला की डोके हळूहळू कलते, झटक्याने सावरते, पुन्हा कलते, आणि शेवटी स्थितिज ऊर्जा जिथे सर्वांत कमी होईल तिथे विसावते. ती जागा म्हणजे शेजाऱ्याचा खांदा. खांदा हळूच काढून घेतल्यास डोके आणखी खालच्या पातळीवरचा समतोल शोधते. त्यापेक्षा खांदा बरा.

ध्वनीचा धडा खरे तर स्थानकावरच सुरू झालेला असतो, कर्ण्यातून. सूचना देणाऱ्याचे उच्चार स्वच्छ असतात, यंत्रही ठीक असते, आणि तरीही कोणालाच काही कळत नाही. याला दोन कारणे आहेत. शब्दाचा अर्थ व्यंजनांत असतो, आणि स, त, प, च या व्यंजनांची ऊर्जा थोडी व वारंवारता जास्त. स्वरांची ऊर्जा भरपूर. पत्र्याच्या छपराखाली आवाज इकडून तिकडे आपटत राहतो, त्याला निनाद म्हणतात. त्यात आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पसरते आणि व्यंजन बुडते. शिवाय दोन कर्णे ३४ मीटर अंतरावर असले तर जवळचा आणि लांबचा आवाज यांत दशांश सेकंदाचा फरक पडतो, आणि एवढ्या फरकाने कानाला तो दोनदा ऐकू येतो. अशा स्थितीत 'सातारा' हे नाव 'आ-आ-आ' असे पोचते. 'बारामती'चे 'आ-आ-अ-ई' होते. 'आ-आ-आ'ला धावलेला माणूस भलत्याच गाडीत बसल्यास दोष त्याचा नाही.

गाडी सुरू झाल्यावर खिडक्यांचा वाद्यमेळ लागतो. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत उभे असेल तर त्यात सेकंदाला ३० स्फोट होतात. प्रत्येक सैल काचेची, पत्र्याची, दांड्याची स्वतःची एक वारंवारता असते, आणि इंजिनाचा ठेका तिच्याशी जुळला की ती वस्तू जोरात थरथरू लागते. हा अनुनाद. म्हणून एका वेगाला तिसऱ्या खिडकीची काच बोलते, ड्रायव्हरने गिअर बदलला की ती गप्प होते आणि सामानाची जाळी सुरू होते. यावर वर्तमानपत्राची घडी करून काचेच्या फटीत खुपसणे हा उपाय आहे. शास्त्रात याला अवमंदन म्हणतात. त्यासाठी अग्रलेखाचे पान घ्यावे, ते सहसा वाचून झालेले नसले तरी चालते.

रडणाऱ्या मुलांचा हिशेब प्रवाशांना दिलासा देणारा आहे. डेसिबल ही पट्टी गुणाकाराची आहे, बेरजेची नाही. एक मूल रडताना जेवढे डेसिबल भरतात, त्यात तेवढ्याच ताकदीचे दुसरे मूल मिळाले तर फक्त तीन डेसिबलची भर पडते. दहा मुले एकदम रडली तरी एकाच्या तुलनेत दहाच डेसिबल वाढतात, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पटच वाटतो. याचा अर्थ पहिले मूल रडू लागले की सगळा त्रास होऊन गेलेला असतो. बाकीची नऊ जवळजवळ फुकटात पडतात.

फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला न थांबता गेलेल्या गाडीचा हॉर्न वेगळाच ऐकू येतो: येताना वरच्या सुरात, जाताना खालच्या. डॉप्लरने हे १८४२ मध्ये मांडले. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट यांनी रेल्वेच्या गाडीत कर्णे वाजवणारे बसवले, रुळांशेजारी सूर ओळखणारे जाणकार उभे केले आणि ते पडताळून पाहिले. आपल्याकडे हा प्रयोग रोज होतो, जाणकारांचे मानधनही वाचते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा सूर येताना सुमारे पाच टक्के चढतो आणि जाताना जवळपास तेवढाच उतरतो. दोन्ही मिळून अंतर साधारण रिषभावरून षड्जावर येण्याइतके. हात दाखवूनही गाडी थांबली नाही म्हणजे काय, हे फाट्यावरच्या माणसाला षड्ज लागताच समजते.

घाटात वळणापाशी 'हॉर्न वाजवा' अशी पाटी असते आणि रात्री प्रकाशाचाही झोत पडलेला असतो. तरी पाटी दिव्याची नसून हॉर्नची का? सेकंदाला ४०० आवर्तनांच्या आवाजाची तरंगलांबी ८५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून तो कातळाच्या कडेला वळसा घालून पलीकडे पोचतो. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तो अशा वळणावर वळत नाही, सरळ दरीत जातो. साताऱ्याकडून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तिथे हाच आवाज भिंतींवरून पुन्हा पुन्हा परत येतो. गाडी बोगद्यात शिरताच सगळी पोरे एकसुरात ओरडतात. हा प्रयोग त्यांना कोणी शिकवलेला नाही.

प्रकाशाकडे वळताना दुपारचा डांबरी रस्ता घ्यावा. लांबवर पाणी चमकते, गाडी जवळ जाताच ते आणखी पुढे सरकते. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ, तिच्यातून येणारा आकाशाचा प्रकाश वाकून वर उचलला जातो आणि डोळ्याला वाटते की जमिनीवर आकाश पडले आहे. आकाश जमिनीवर पडते ते पाण्यातच, म्हणून मेंदू पाणी दाखवतो. १७९८ साली नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत सैनिक या पाण्यामागे धावले, आणि सोबत गेलेल्या गास्पार मोंज यांनी त्याचे कारण सांगितले. मृगजळ मराठवाड्यात मे महिन्यात भरपूर मिळते. टँकर लागत नाही.

मागचा दिवा लाल असतो, कारण हवेतल्या सूक्ष्म कणांवर निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि लाल कमी. तरंगलांबीच्या चौथ्या घाताचा हिशेब केला तर फरक सहापटीच्या जवळ जातो. धुक्यात हा फायदा फारसा उरत नाही, कारण धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठा. आंबोलीच्या धुक्यात दिव्याच्या रंगापेक्षा ड्रायव्हरचा अनुभव महत्त्वाचा. बाहेरचा आरसा बहिर्वक्र, म्हणून मागचा मोठा परिसर त्यात मावतो पण सगळे लहान दिसते, आणि लहान दिसले की लांब वाटते. मागून धावत येणारा प्रवासी ड्रायव्हरला नेहमी फार लांब दिसतो, याला एवढाच शास्त्रीय आधार आहे.

अंधार पडला की खिडकी आरसा होते. काच दिवसाही तेवढाच प्रकाश परत पाठवत असते, दोन्ही पृष्ठभागांचा मिळून सुमारे आठ टक्के. पण बाहेरच्या उजेडापुढे तो कळत नाही. बाहेर काळोख आणि आत दिवा असला की त्या आठ टक्क्यांत सगळी गाडी उसाच्या फडावर तरंगताना दिसते. कोपऱ्यातल्या कोणाला काचेतून चोरून पाहता येते, असा पुष्कळांचा समज आहे. प्रकाशाचा मार्ग उलटाही तेवढाच खरा असतो. ज्याचे डोळे काचेत दिसतात, त्यालाही पाहणाऱ्याचे डोळे दिसतातच.

वस्तीची गाडी रात्री गावात येऊन थांबते. दिवसभर जाळलेल्या डिझेलची निम्म्याहून जास्त ऊर्जा थेट उष्णता होऊन गेलेली असते. जी चाकांपर्यंत पोचली तीही ब्रेक, टायर, हवा आणि खडखडाट यांत उष्णताच झालेली असते. इंजिन गार होताना धातू आकसतो आणि बराच वेळ टिक् टिक् आवाज येत राहतो.

सकाळी ती कधीकधी चालू होत नाही. रिकामी गाडी दहा टनांच्या आसपास. सपाट रस्त्यावर ती लोटत ठेवायला वजनाच्या शंभराव्या भागाइतके, म्हणजे सुमारे शंभर किलो वजनाएवढे बल लागते. जागची हलवायला त्याहून जास्त. सात-आठ धट्टीकट्टी माणसे पुरतात. गाडीने वेग धरला की ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतो. मात्र धक्का बाहेरून द्यावा लागतो. आत बसून समोरचा दांडा कितीही रेटला तरी उपयोग नाही, कारण हात दांड्याला जेवढा पुढे ढकलतो तेवढीच पाठ बाकाला मागे ढकलते, आणि बेरीज शून्य येते. तेव्हा खिडकीपाशी जागा धरलेल्यांनीही खाली उतरावे. रुमाल बाकावरच राहू द्यावा.